एकट्याने रोलप्लेइंग खेळताना नियमावली कशी निवडावी

रोलप्लेइंग म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन फाशांच्या आधारे कथा पुढे नेण्याचा खेळ. त्यासाठी इंदूरमध्ये दर आठवड्याला चार खेळाडू जमवणे ज्यांना शक्य होत नाही, त्यांनी एकट्याने खेळण्यासाठी नियमावली निवडताना आधी एकच गोष्ट पाहावी: खेळ चालवणारा सूत्रधार नसताना ‘पुढे काय होते?’ या प्रश्नाचे उत्तर ती देते का. ‘आयर्नस्वॉर्न’ ही २०१८ची नियमावली एकट्या खेळाडूचाही विचार करून रचलेली असून तिची डिजिटल प्रत विनामूल्य मिळते. तिच्यासाठी एक सहा बाजूंचा आणि दोन दहा बाजूंचे फासे लागतात.

दहा बाजूंचे फासे नसतील, तर ल्युडोच्या दोन फाशांवर चालणारी पद्धत घ्यावी, जिच्यात दोन्ही फाशांची बेरीज १० किंवा अधिक म्हणजे पूर्ण यश, ७ ते ९ म्हणजे किंमत मोजून मिळालेले यश आणि ६ किंवा कमी म्हणजे अपयश असते. हा मधला टप्पा मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण बेरजेत वरून कोणताही आकडा मिळवला नाही तरी तो ३६ पैकी १५ शक्यतांमध्ये येतो आणि कथेला नवे वळण देतो: इंदूरहून महेश्वरला निघालेला होळकरांचा जासूद जामघाट सुखरूप उतरतो, पण खलिता भिजतो.

लढाईच्या तपशीलवार नियमांनी भरलेल्या जाड नियमावल्या सुरुवातीला टाळाव्यात. कारण एकट्याने खेळताना लढाईच्या दोन्ही बाजू आपल्यालाच सांभाळाव्या लागतात. निवड पक्की करण्यापूर्वी अर्धा तास एकच प्रसंग खेळावा आणि तेवढ्यात पुस्तक किती वेळा उघडावे लागले, हे वहीत नोंदवावे.