मिठातले आयोडीन ताटापर्यंत पोहोचवण्यासाठी

नागपूर समुद्रापासून फार दूर आहे आणि आपल्या रोजच्या वरण-भात-भाजी-पोळीत समुद्री मासळी क्वचितच असते. दूध, दही व अंडी यांतून थोडे आयोडीन मिळते. तरीही खरा भरवसा आयोडीनयुक्त मिठाचाच. प्रौढ व्यक्तीला दररोज १५० मायक्रोग्रॅम, तर गर्भवती व स्तनदा मातेला २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते.

आयोडीन कमी पडल्याने होणारा गलगंड, म्हणजे गळ्यावरची सूज, डोळ्यांना दिसतो, म्हणून त्याची भीती वाटते. मेंदूचे नुकसान मात्र दिसत नाही आणि माझ्या मते तेच अधिक गंभीर आहे. गर्भावस्थेच्या पहिल्या तीन महिन्यांत बाळाची थायरॉईड ग्रंथी स्वतः संप्रेरक तयार करू शकत नसल्यामुळे त्याच्या मेंदूची घडण आईच्या थायरॉक्सिनवर, म्हणजे आयोडीनपासून बनणाऱ्या थायरॉईडच्या संप्रेरकावर, अवलंबून असते, आणि या काळातील आयोडीनच्या तीव्र कमतरतेची हानी पुढे भरून येत नाही. म्हणून दिवस गेल्याचे कळण्याची वाट न पाहता लग्न झालेल्या मुलीच्या, सुनेच्या घरात आधीपासूनच योग्य मीठ असावे.

इतवारी बाजारातून किराणा भरताना पाकिटावरील ‘आयोडीनयुक्त’ हा शब्द आणि उत्पादनाची तारीख पाहावी. ग्राहकाच्या हाती येणाऱ्या मिठात किमान १५ पीपीएम, म्हणजे प्रत्येक ग्रॅममागे १५ मायक्रोग्रॅम आयोडीन असावे, असा आपल्याकडील निकष आहे. उष्णता, ओल आणि ऊन यांमुळे ते आणखी घटते. आपल्याकडच्या मे महिन्यात गॅसच्या ओट्यालगत उघडी ठेवलेली मिठाची वाटी आणि पावसाळ्यात ओल्या हाताने काढलेले मीठ, या दोन्ही सवयी सोडाव्यात. वर्षभराचा साठा न करता एकेक किलो आणावे, घट्ट झाकणाच्या बरणीत ओट्यापासून दूर ठेवावे, कोरडा चमचा वापरावा आणि शक्य तेथे भाजी किंवा वरण शिजत आल्यावर मीठ घालावे.

श्रावणातील उपवासापुरते सैंधव वापरण्यास हरकत नाही. परंतु ‘नैसर्गिक’ म्हणून बाराही महिने सैंधव किंवा काळे मीठ खाणाऱ्या घरांविषयी मला काळजी वाटते, कारण आयोडीन मिसळलेले नसेल तर त्यांत ते नगण्य असते.

घरातील मिठाबद्दल शंका असल्यास आशाताईंकडे (वस्तीतील आरोग्य स्वयंसेविकेकडे) मीठ तपासणी संच आहे का, हे विचारावे. संचातील थेंब पडल्यावर मीठ निळे-जांभळे झाले तर त्यात आयोडीन आहे; पांढरेच राहिले तर ते मीठ बदलावे.

मात्र आयोडीनसाठी मीठ वाढवू नये. प्रौढांनी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमीच खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ज्यांना थायरॉईडचा आजार आहे, त्यांनी आयोडीनच्या गोळ्या किंवा थेंब स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, कारण अतिरिक्त आयोडीननेही ग्रंथीचे काम बिघडू शकते.