लाडकं पात्र मालिकेतून घालवायचंय? थांबा, आधी हे वाचा

ऑडिओ मालिका असो नाहीतर क्रमशः कथा, वर्षभर चालली की हा प्रश्न येतोच. माझ्याकडे तो असा आला की आमच्या हौशी अंतराळ-मालिकेतल्या इंजिनिअर बाईंना आवाज देणारी मैत्रीण नोकरीसाठी बंगलोरला गेली, आणि मी घाईघाईत तिसाव्या भागात त्या बाईंना एअरलॉकमधून, म्हणजे यानाच्या दारातून, बाहेर फेकून मोकळा झालो. ऐकणारे चाळीसेक असतील, त्यातल्या निम्म्यांनी शिव्या घातल्या. बरोबरच होत्या. मग मी जुन्या सायन्स फिक्शन मालिका ह्या एकाच नजरेने परत बघितल्या, की बाबा ही लोकं पात्रं घालवतात कशी. स्पॉयलर भरपूर आहेत, पण बहुतेक तीस वर्षांहून जुने, तेव्हा तक्रार करू नका.

पहिली गोष्ट, जाण्याचं दार गरज पडायच्या आधी करून ठेवायचं. अंतराळ-स्थानकावर घडणाऱ्या ‘बॅबिलॉन ५’ मालिकेचा कर्ता जे. मायकल स्ट्रॅझिन्स्की याने प्रत्येक पात्रासाठी असा एक चोरदरवाजा ठेवला होता, म्हणजे उद्या कोणी नट गेला तर गोष्ट कुठे वळवायची हे डोक्यात तयार. पहिल्या सीझननंतर स्थानकाचा प्रमुख कमांडर सिंक्लेअर करणारा मायकल ओ'हेअर बाहेर पडला, तर सिंक्लेअरला मिनबार ह्या ग्रहावर राजदूत करून पाठवलं आणि तिसऱ्या सीझनमध्ये परत आणून असा काही शेवट दिला की मूळ प्लॅन हाच असावा असं वाटतं. (ओ'हेअर गेला होता मानसिक आजारामुळे, आणि ते स्ट्रॅझिन्स्कीने त्याला दिलेला शब्द पाळून २०१२ मध्ये तो वारल्यानंतरच सांगितलं. माणूस म्हणून पण मोठाच.)

‘डॉक्टर हू’ ह्या ब्रिटिश मालिकेवाल्यांकडे १९६६ मध्ये चोरदरवाजा वगैरे काही नव्हता, मुख्य नट विल्यम हार्टनेलची तब्येत ढासळत चाललेली, मग त्यांनी विचार केला की आपला नायक डॉक्टर माणूस थोडीच आहे, परग्रहावरचा आहे ना, तर त्याचं शरीरच बदलू. पॅट्रिक ट्राउटन आला, गाडी पुढे. आपल्याकडे सोमवारी सूनबाईंचा चेहरा बदलतो आणि घरात कोणी हूं की चूं करत नाही, तिथे त्या बदलाचीच गोष्ट केली, एवढाच फरक, पण केवढा!

आता मारायचं की जिवंत पाठवायचं. मारायचंच असेल तर मरण त्या पात्राच्या स्वभावातून आलं पाहिजे. ‘डॉक्टर हू’मध्येच, १९८२ च्या ‘अर्थशॉक’ कथेत, डॉक्टरबरोबर फिरणारा ॲड्रिक मरतो. गणितात हुशार, जरा आगाऊ पोरगा, अनेकांना तो डोक्यात जायचा. पृथ्वीवर आदळायला निघालेल्या जहाजात तो कॉम्प्युटरचं कोडं सोडवत बसतो, उत्तर जवळपास हातात आलेलं असतं आणि सायबरमॅन, म्हणजे यंत्रमानव शत्रू, कन्सोलच उडवतो. आपलं गणित बरोबर होतं का हे आता कधीच कळणार नाही, हे त्याचं शेवटचं दुःख. मरायची भीती राहिली बाजूला, आणि तिथेच आवडत नसलेला पोरगा आपला होतो. मग नावं येतात ती संगीताशिवाय, मागे फक्त त्याचा गणितासाठी मिळालेला तुटलेला बॅज. नुसती शांतता, पण अंगावर येते.

उलटा नमुना म्हणजे ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’मधली यानाची सिक्युरिटी प्रमुख टाशा यार. तिचं काम करणाऱ्या डेनिस क्रॉसबीला स्वतःलाच जायचं होतं, ते ठीक, पण १९८८ च्या ‘स्किन ऑफ इव्हिल’मध्ये डांबरासारखा एक राक्षस हात झटकतो आणि टाशा खलास, तेही भागाच्या सुरुवातीसुरुवातीलाच. सिक्युरिटीवाल्यांचं मरण असंच अचानक येतं, असा त्यामागे विचार होता. विचार खरा आहे, बघताना मात्र फसवल्यासारखं वाटतं. मालिकेलाही ते सलत असणार, कारण १९९० च्या ‘यस्टरडेज एंटरप्राइझ’मध्ये वेगळ्या काळातल्या टाशाला कळतं की आपण मूळ काळात फुकट मेलो, आणि ती स्वतः दुसरं मरण निवडते. दोन वर्षांनी डागडुजी! तेवढी सवड तुम्हाला मिळेलच असं नाही.

जिवंत पाठवायचं असेल तर माझी शिफारस एकच, ‘डॉक्टर हू’चीच १९७६ ची कथा ‘द हँड ऑफ फिअर’, तिचा शेवटचा भाग. डॉक्टरबरोबर फिरणारी सारा जेन कंटाळलेली आहे, डॉक्टर ऐकत नाही म्हणून रुसून बॅग भरायला जाते. खरं तर तिला जायचंच नाहीये. बॅग, कुंडी, पेंढा भरलेलं घुबड असं सगळं काखोटीला मारून बाहेर येते, तर तेवढ्यात डॉक्टरला गॅलिफ्रेहून, त्याच्या ग्रहावरून, बोलावणं आलेलं, तिथे माणसाला नेता येत नाही, आणि आता खरंच उतरावं लागणार. लटक्या रुसव्याचं खरं होतं, बास. रडारड नाही, तो तिला साउथ क्रॉयडनला सोडतो आणि निघून जातो, आणि मग तिच्या लक्षात येतं की हे क्रॉयडन नाहीच! तीस वर्षांनी, २००६ मध्ये, ती परत आली तेव्हा कळलं की ते ॲबरडीन होतं. निरोपात असा एक बारीकसा घोळ सोडून ठेवा, पुढे उपयोगी पडतो.

पडद्यामागे मात्र कोणाला घालवू नका. १९६६ मध्ये डॉक्टरची डोडो नावाची मैत्रीण गोष्टीच्या मध्यातच विश्रांतीला गावी जाते आणि शेवटी दुसरेच दोघं निरोप आणतात की ती आता येणार नाही म्हणे. शेजारणीने दूधवाल्याला सांगावं तसं.

आणि पुढचा भाग निरोपाच्या भागाइतकाच जपून लिहा. ॲड्रिकनंतर लगेचच्या ‘टाइम-फ्लाइट’मध्ये दोन मिनिटं शोक आणि मग चला, मन रमवायला १८५१ चं लंडनचं प्रदर्शन बघायला जाऊ! काय ते! शोक लांबवायची गरज नाही, पण रिकामी खुर्ची एकदा तरी दिसू द्या.

परत आणायचं असेल तर एकदाच. ‘स्टारगेट एसजी-१’मधला डॅनियल जॅक्सन २००२ मध्ये गेला आणि २००३ मध्ये परत, मला तो आवडतो म्हणून मी माफ केलं, पण त्यानंतर तो संकटात सापडला की माझ्या पोटात गोळा येईना.

आमच्या इंजिनिअर बाई परत आल्या नाहीत. एकतिसावा भाग मी नव्याने लिहिला, त्यात त्यांच्या जागी आलेला पोरगा रोज त्यांचा स्टीलचा चहाचा मग उचलून दुसरीकडे ठेवतो आणि कॅप्टन तो काही न बोलता परत जागेवर आणून ठेवते.