वॅक्सचा डबा नंतर उघडा, आधी गाडीवर हात फिरवा

मला पॉलिशच्या कामाला लागून चारेक महिने झाले असतील, तेव्हा जालन्याची एक पांढरी गाडी आली. मालक स्टीलच्या मिलकडं कामाला, गाडी दिवसभर तिथंच उघड्यावर उभी. मी प्रेशर मारलं, शाम्पू केला, पुसली आन् वरून झकास वॅक्स हाणलं, अशी चमकली की मालकानं खुश होऊन शंभराची नोट वरतून दिली. तीन आठवड्यात तीच गाडी परत दारात. बोनेटवर, टपावर खसखशीएवढे तांबूस ठिपके, आन् मालक म्हणायलाय, तुम्ही गाडीला गंज लावला राव.

आमचे उस्ताद संभाजीनगरातले जुने पेंटर, दखनी बोलायचे. ते काहीच बोलले नाहीत, चहासोबत आलेली पातळ कॅरीबॅग हातात घातली, बोनेटवर हात फिरवला आन् मला म्हणले, तू बी फिरव. पिशवीतून असं वाटलं की बारीक वाळूवर हात चाललाय. नुसत्या बोटाला एवढं कळत नाही, पिशवी घातली की कण न् कण लागतो. गाडी धुतल्यावर मी वॅक्सकडं बघतच नाही, आधी कॅरीबॅग. या लाईनमध्ये नवीन येणारी पोरं पहिल्यांदा विचारतात कोणतं वॅक्स घेऊ, त्यांना मी पिशवीच हातात देतो.

ते ठिपके म्हणजे लोखंडाचे कण. मिलमधून, ग्राइंडरमधून, आन् मिल नसली तरी गाडीच्या स्वतःच्या ब्रेकमधून उडतात, पेंटवर रुततात आन् ओल लागली की तिथल्या तिथं गंजतात. शाम्पूनं निघत नाहीत. मी तर वरून वॅक्स लावून ते झाकून टाकले होते. पांढऱ्या गाडीवर दिसतात म्हणून बोंब होते, काळ्या गाडीवरही तेवढेच असतात, फक्त दिसत नाहीत.

यासाठी आयर्न रिमूव्हर मिळतं. गाडी सावलीत, पत्रा थंड, मग फवारायचं, लोखंडाला लागलं की जांभळं होऊन ओघळायला लागतं, पहिल्यांदा बघताना लई भारी वाटतं. वास मात्र सडलेल्या अंड्याचा, त्यामुळं ग्लोव्हज, मास्क घाला आन् शटर उघडं ठेवा. तीन-चार मिनिटं ठेवायचं, वाळू द्यायचं नाही, मग भरपूर पाण्यानं काढायचं. डांबराचे डाग याच्यानं जात नाहीत, त्याला टार रिमूव्हर वेगळं. आपल्याकडं सर्रास रॉकेल-पेट्रोल चोळतात, डाग निघतो पण तेलकट थर राहतो, रबराची वाट लागते, आन् त्या थरावर वॅक्स धरत नाही. समृद्धीवरून येणाऱ्या गाड्यांना डांबर कमी असतं, रोड सिमेंटचा आहे ना, पण 120 च्या स्पीडला बंपरवर किड्यांचा नुसता लेप बसलेला असतो. ते किडे आन् पाखरांची घाण त्याच दिवशी भिजवून काढायची, उन्हात राहिली की पेंटमध्ये डाग उतरतो. चिंचेखाली गाडी लावली की वर जो चिकटा पडतो तोही तसाच.

एवढं करूनही जे हाताला लागतं त्याला क्ले. दिसायला मळलेल्या कणकेसारखा गोळा असतो. शाम्पूचं पाणी किंवा क्लेचं लुब्रिकंट भरपूर मारायचं, पत्रा ओलागच्च पाहिजे, दोन-तीन बोटांनी हलकं धरून सरळ रेषेत फिरवायचं, गोल गोल नाही, एका वेळी अर्धं बोनेटसुद्धा नको, थोडी थोडी जागा घ्या. सुरुवातीला खरखर आवाज येतो, मग गोळा लोण्यावरून घसरल्यासारखा चालतो, तो आवाज बंद झाला की तिथलं काम झालं. दाब द्यायचा नाही. "जल्दी नक्को कर रे, पेंट है, फरशी नै", हे उस्तादांचं रोजचं. क्ले काळा दिसला की घडी घालून आतली स्वच्छ बाजू वर आणायची. आन् खाली पडला तर फेकून द्यायचा, धुवून वापरायचा नाही. मी एकदा धुवून वापरला होता, फरशीवरचा एक खडा आत राहिला आन् दाराच्या पत्र्यावर वीतभर रेघ. तेव्हापासून 100 ग्रामच्या वडीचे चार तुकडे करून ठेवतो, पडला तर पावच वाया जातो.

क्लेनं जुनं वॅक्स निघून जातं आन् बारीक धूसर खुणा राहू शकतात, गडद रंगावर जास्त. तिथं हलकं फिनिशिंग पॉलिश मारा. पण दर वेळी रबिंग करायची सवय लावू नका. झेरॉक्सचा कागद साधारण 100 मायक्रॉन जाड असतो, गाडीचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, त्याच्या निम्म्याच्या आसपास, म्हणजे 40-50. एकदा घासून गेला की परत येत नाही.

मग वॅक्स. कार्नोबा हे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानावरचं मेण, 82 ते 86 डिग्रीला वितळतं, त्यामुळं उन्हानं वाहून जाईल असं नाही, पण आपल्या उन्हात दीड-दोन महिन्यांवर धरू नका, गिऱ्हाईकाला वर्षाची गॅरंटी तर अजिबात देऊ नका. जास्त टिकवायचं असेल तर सिंथेटिक सीलंट, म्हणजे मेणाऐवजी लावायचं केमिकलचं कोटिंग, बघा. लावताना पालथा हात पत्र्यावर ठेवून बघा, गरम लागला तर थांबा. मे महिन्यात मी सकाळी सहाला सुरू करतो, नऊनंतर शेडमध्येसुद्धा मन लागत नाही. थर इतका पातळ की लावलाय का नाही असं वाटलं पाहिजे, जाड थर जास्त टिकत नाही, पुसताना खांदा तेवढा दुखतो. धूसर झालं की बोट ओढून बघा, स्वच्छ रेघ उमटली तर पुसा, फरफटलं तर अजून थांबा. काळ्या प्लास्टिकला आधी मास्किंग टेप, नाहीतर पांढरे डाग पडतात, टूथब्रशनं काढत बसावं लागतं.

पाण्याचं राहिलंच. बोअरचं पाणी जड, गाडीवर वाळलं की पांढरे गोल बसतात, म्हणून शेवटचा हात फिल्टरच्या पाण्याचा मारा आन् लगेच टिपून घ्या. आन् पाणी बेतानं. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, त्या मुलखातले आपण. काळ्या रानातला चिखल असेल तर आधी पाणी मारावंच लागतं, पण प्रेशरनं चिखल काढून झाल्यावर दोन बादल्यांत भागतं, एक शाम्पूची, एक मिट, म्हणजे धुवायचा हातमोजा, खळबळायची.

त्या पांढऱ्या गाडीचं काम फुकटात परत केलं, दीड दिवस गेला. नंतर दोन महिने उस्तादांनी मला फक्त चाकं धुवायला ठेवलं, सगळ्यात जास्त लोखंड तिथंच असतं म्हणून.