लायब्ररीआधी कच्चे आकडे: एमपीयू-६०५० शी ओळख

एमपीयू-६०५० ही प्रवेग आणि फिरण्याचा वेग मोजणारी चिप. तिचा जीवाय-५२१ हा छोटा बोर्ड हातात आला की बहुतेक जण लगेच लायब्ररी (तयार कोड) उतरवतात आणि स्क्रीनवर ठोकळा फिरवून बघतात. माझा आग्रह वेगळा आहे. आधी कच्चे आकडे वाचा. पुढे रोबो डुगडुगला तर चूक कुठे शोधायची हे त्यातूनच कळतं.

बोर्डासोबत येणारी पिनांची पट्टी आधी सोल्डर करा. नुसती भोकांत खोचलेली पट्टी मधूनच संपर्क सोडते आणि आपण कोड तपासत बसतो. तारा चारच: व्हीसीसी (वीज), ग्राउंड, एसडीए (डेटा), एससीएल (घड्याळ). आर्डुइनो उनोवर एसडीए ए४ ला आणि एससीएल ए५ ला. शेवटच्या दोन तारांवरून होणाऱ्या संवादाला आयटूसी म्हणतात. आयटूसी स्कॅनर, म्हणजे जोडलेल्या चिपचा पत्ता शोधणारा छोटा प्रोग्राम, चालवला की पत्ता हेक्स (सोळा-आधारी) ६८ दिसायला हवा. एडी० पिन ३.३ व्होल्टला जोडली तर ६९.

वीज मिळाल्यावर ही चिप झोपलेलीच असते. हेक्स ६बी या रजिस्टरमध्ये (चिपमधल्या मेमरीच्या खणात) शून्य लिहा, म्हणजे जागी होईल. मग ३बी पासून सलग १४ बाइट वाचा: प्रवेगाचे सहा, तापमानाचे दोन, जायरोचे (फिरण्याचा वेग मोजणाऱ्या भागाचे) सहा. प्रत्येक जोडीत वरचा बाइट आधी येतो. जोडलेली किंमत १६ बिटांच्या चिन्हांकित प्रकारातच ठेवा. ईएसपी३२ वर साधा इंट ३२ बिटांचा असतो, त्यामुळे तिथे उणे दहा हा आकडा ६५५२६ होऊन बसतो.

आता बोर्ड टेबलावर सपाट ठेवा. मूळ ±२ जी पल्ल्यात (एक जी म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाएवढा प्रवेग) झेड १६३८४ च्या आसपास हवा, एक्स आणि वाय शून्याजवळ. पालथा केला की झेड तेवढाच उणे. दोन्ही वाचनांची सरासरी शून्य आली नाही, तर जे उरलं तो त्या अक्षाचा ऑफसेट. सहाही बाजूंवर हे करून बघाच! गुरुत्वाकर्षणाइतकं भरवशाचं आणि फुकट मोजमाप दुसरं मिळणार नाही.

जायरो स्थिर असतानाही शून्य दाखवत नाही. दरवेळी सुरुवातीला बोर्ड न हलवता काहीशे वाचनांची सरासरी घ्या आणि ती पुढे वजा करत राहा. तापमानाबरोबर हा ऑफसेट सरकतो, म्हणून कालचा आकडा आज वापरू नका. ±२५० अंश प्रतिसेकंदाच्या पल्ल्यात कच्च्या आकड्याला १३१ ने भागलं की अंश प्रतिसेकंद मिळतात.

प्रवेगावरून काढलेला कोन धक्क्यांनी थरथरतो आणि जायरोचा हळूहळू भरकटतो. म्हणून दोघांचा मेळ घालायचा: मागच्या कोनात जायरोचा वेग गुणिले गेलेला वेळ मिळवा, त्याचे ०.९८ घ्या आणि त्यात प्रवेगाच्या कोनाचे ०.०२ मिळवा. वेळ प्रत्यक्ष मोजा, गृहीत धरू नका. त्याआधी बोर्ड हाताने कलवून दोन्ही कोन एकाच दिशेने वाढतात ना, ते बघा. एकाचं चिन्ह उलटं असेल तर कोणताही फिल्टर उपयोगाचा नाही.

मोटरच्या थरथरीसाठी रजिस्टर १ए मध्ये ३ लिहा. चिपमधला फिल्टर साधारण ४४ हर्ट्झच्या वरचा गोंधळ कमी करतो. त्याबदल्यात वाचनाला सुमारे पाच मिलिसेकंद उशीर होतो, तोल सांभाळणाऱ्या रोबोत तो लक्षात ठेवा.

उभ्या अक्षाभोवतीचं वळण मात्र यातून टिकाऊपणे मिळत नाही, कारण बोर्ड सपाट ठेवून फिरवला तर गुरुत्वाकर्षणाचं वाचन बदलतच नाही. दिशा हवी असेल तर वेगळा मॅग्नेटोमीटर (चुंबकीय क्षेत्र मोजणारा सेन्सर) जोडा.