हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर व्यायामाकडे परतताना या चुका टाळा

हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण दोन आठवड्यांत त्वचेवरची जखम मिटते, दुखणे ओसरते आणि आपण पूर्ण बरे झालो, असे रुग्णाला वाटू लागते. पुढच्या बहुतेक चुका याच समजुतीतून होतात. कातडी लवकर सांधते. स्नायूंवरच्या चिवट आवरणाला मात्र बराच अधिक वेळ लागतो. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास भरत असलेल्या जखमेची ताकद मूळच्या जेमतेम २० ते ३० टक्के असते आणि ती ८० टक्क्यांच्या आसपास पोहोचायला तीन महिने लागतात. पोटाच्या भिंतीतील छिद्रावर कृत्रिम जाळी बसवलेली असेल तर ती पहिल्या दिवसापासून आधार देते हे खरे, पण तिच्या छिद्रांतून नव्या ऊती वाढून ती पोटाच्या भिंतीशी एकजीव व्हायला काही आठवडे जावेच लागतात.

दुसऱ्याचे वेळापत्रक उसने घेणे

‘मित्र चौथ्या आठवड्यात धावायला लागला’ हे ऐकून आपणही धावायला निघणे ही सर्वांत सहज घडणारी चूक आहे. जांघेतील लहान हर्निया दुर्बिणीतून दुरुस्त केलेला रुग्ण आणि पोटावरील जुन्या शस्त्रक्रियेच्या व्रणातून बाहेर आलेला मोठा हर्निया दुरुस्त केलेला रुग्ण यांची तुलनाच होऊ शकत नाही. पहिल्याला चार ते सहा आठवड्यांत जोराच्या व्यायामाची परवानगी अनेकदा मिळते, तर दुसऱ्याला तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ थांबावे लागू शकते. म्हणून घरी जाण्यापूर्वीच शल्यचिकित्सकांना नेमके विचारून घ्यावे: पोटाच्या भिंतीतील छिद्र केवढे होते, जाळी बसवली का, किती वजन किती आठवडे उचलायचे नाही. ‘जपून राहा’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये.

अंथरुणाला खिळून राहणे

घाई जितकी चुकीची, तितकीच भीतीपोटी केलेली सक्तीची विश्रांतीही चुकीची आहे. न चालल्याने पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, शौचाला कडक होते आणि स्नायू सैलावतात. जांघेतील हर्नियाबाबत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनीही रुग्णाने सोसवेल तितक्या लवकर नेहमीचे व्यवहार सुरू करावेत, असेच सुचवले आहे. सपाट जागेवरचे छोटे-छोटे फेरे बहुतेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सुरू करता येतात. अंथरुणातून उठताना मात्र सरळ उठून बसू नये. कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि हातांच्या आधाराने उठावे.

श्वास रोखून जोर लावणे

माझ्या मते ‘किती किलो’ या प्रश्नापेक्षा ‘श्वास कसा’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. आपण श्वास कोंडून जोर लावतो, तेव्हा पोटातील दाब एकदम वाढतो आणि तो नेमका दुरुस्त केलेल्या जागेवर येतो. जोर लावण्याच्या क्षणी तोंडाने सावकाश श्वास सोडत राहिल्यास हा दाब बराच आटोक्यात राहतो. एखादे वजन श्वास रोखल्याशिवाय उचलताच येत नसेल, तर ते आज आपल्यासाठी जड आहे असे समजावे, मग त्यावरचा आकडा कितीही लहान असो. गंमत अशी की, डंबेलला हातही न लावणारी माणसे शौचाला बसून खुशाल कुंथतात आणि खोकल्याकडे दुर्लक्ष करतात. निरोगी माणसांच्या पोटातील दाब मोजला असता सर्वाधिक दाब खोकताना आणि उडी मारताना आढळला आहे. त्यामुळे बद्धकोष्ठता आणि खोकला यांवर उपचार करणे हा व्यायामाच्या तयारीचाच भाग आहे. खोकताना जखमेवर उशी हलकेच दाबून धरावी.

पोटाच्या व्यायामांपासून सुरुवात करणे

शस्त्रक्रियेनंतर सुटलेले पोट पाहून अनेक जण थेट क्रंचेस, सिट-अप्स किंवा दोन्ही पाय एकदम उचलण्याकडे वळतात. हे व्यायाम शेवटच्या टप्प्यातले आहेत. आधी चालणे, मग श्वास सोडत खालचे पोट हळुवार आत घेणे, त्यानंतर पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर उचलणे, मग गुडघे टेकवून प्लँक (कोपरांवर भार घेऊन पालथे शरीर सरळ रेषेत धरणे), असा क्रम ठेवावा. बेंबीच्या किंवा मध्यरेषेतील हर्नियाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी व्यायाम करताना पोटाकडे पाहावे. मधोमध उभा उंचवटा दिसला, तर तो प्रकार अजून झेपत नाही असे समजून एक पायरी खाली यावे. पट्टा बांधून जास्त वजन उचलणे किंवा वेदनाशामक गोळी घेऊन व्यायामाला जाणे, या दोन्हींत शरीराचा इशाराच दाबला जातो.

काय जाणवले तर काय करावे

व्यायामानंतर जखमेच्या जागी थोडी ओढ बसणे आणि ती दुसऱ्या दिवसापर्यंत निवणे स्वाभाविक आहे. चोवीस तासांनंतरही दुखत राहिल्यास दोन-तीन दिवस फक्त चालावे आणि पुढच्या वेळी व्यायाम निम्म्यावर आणावा. व्यायाम चालू असतानाच सणक आली तर तिथेच थांबावे. व्रणाखाली लागणारी कडक रेघ बहुधा भरत आलेल्या ऊतींची असते, तर मूळ जागी आलेली मऊ सूज अनेकदा साचलेल्या द्रवाची असते आणि काही आठवड्यांत जिरते. मात्र उभे राहिल्यावर किंवा खोकल्यावर वाढणारा आणि झोपल्यावर आत जाणारा फुगवटा हर्निया पुन्हा झाल्याची शंका निर्माण करतो, म्हणून तो डॉक्टरांना दाखवेपर्यंत व्यायाम बंद ठेवावा. फुगवटा कडक होऊन आत जात नसेल, त्याबरोबर उलट्या किंवा तीव्र पोटदुखी असेल, पोटरी सुजून दुखत असेल किंवा अचानक धाप लागत असेल, तर तपासणीच्या ठरलेल्या तारखेची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे. ताप आला किंवा जखमेतून पू येऊ लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी संपर्क साधावा.