सीटी-एमआरआयच्या दुरुस्तीत यायचंय? या चुका टाळा

नोकरीच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. तालुक्याच्या गावी एका लहान दवाखान्यात १०० एमएचं (ट्यूबमधला करंट, मिलिअँपिअरमध्ये) एक्स-रे मशीन. सकाळी ठणठणीत चालायचं. साडेदहा वाजले की एक्स्पोजर देताना, म्हणजे एक्स-रे सोडताना, ट्रिप व्हायचं, नाहीतर फिल्म पांढुरकी यायची. पहिल्या फेरीत मी कंट्रोल कार्ड बदललं, दुसऱ्या फेरीत टायमर. तिसऱ्या वेळी हाय टेन्शन केबलवर संशय घेऊन बसलो होतो, तेवढ्यात तिथले टेक्निशियन मामा चहा घेऊन आले. म्हणाले, "साहेब, खालची पिठाची गिरणी सुरू झाली की हे असंच होतं. पहिल्या दिवशीच सांगणार होतो, पण तुम्ही विचारलंच नाही."

या धंद्यात येणारी बहुतेक मुलं हीच चूक करतात. मशीन उघडण्याची घाई, आणि मशीनपर्यंत येणारी वीज तपासायचा कंटाळा.

मी सप्लाय तपासला नव्हता असं नाही. मल्टीमीटर लावला होता, २३० व्होल्ट दिसले होते. पण ते मशीन नुसतं उभं असताना. हिशोब करून बघा: ८० केव्ही (किलोव्होल्ट) आणि १०० एमए म्हणजे ८ किलोवॅट. सिंगल फेजवर क्षणभरासाठी ३५ अँपिअर ओढले जातात, गळती धरून थोडे जास्तच. वायर बारीक, मीटरपासूनचं अंतर लांब, त्यात गिरणीची मोटर त्याच फेजवर. त्या क्षणी व्होल्टेज कोसळतं आणि पुढच्या सेकंदाला पुन्हा २३० दाखवतं. म्हणून व्होल्टेज बघायचं ते एक्स्पोजर चालू असताना, तेही मीटरच्या मिन-मॅक्स मोडवर (सर्वांत कमी आणि जास्त आकडा पकडून ठेवणारा). सोबत न्यूट्रल-अर्थमधलं व्होल्टेज मोजा. आणि अर्थिंगचा खड्डा स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. उन्हाळ्यात कोरडा ठाक पडलेला खड्डा मी इतक्या ठिकाणी पाहिलाय की आता गेल्या गेल्या आधी तिकडेच जातो.

त्या दवाखान्याला शेवटी जाड केबल टाकून वेगळी लाइन घ्यायला लावली. मी बदललेलं कंट्रोल कार्ड मुळात चांगलंच होतं.

थेट एमआरआयचं स्वप्न

मेडिकल इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाला की मुलं विचारतात, "सर, एमआरआयवर कधी पाठवाल?" अरे, आधी मोबाइल एक्स-रे आणि सोनोग्राफी घासून शिका. वर्ष-दोन वर्षं एखाद्या रुग्णालयाच्या बायोमेडिकल विभागात किंवा डीलरकडे काढा. कंपन्या सीटीचं ट्रेनिंग देतात, पण एक्स-रे ट्यूबचं फिलामेंट, फिरणारा अॅनोड, ट्यूबला हाय व्होल्टेज देणारा जनरेटर हे डोक्यात पक्कं नसेल तर त्या ट्रेनिंगमध्ये फक्त स्क्रीन बदलताना दिसतात.

मुलाखतीला जाताना एएमसी (वार्षिक देखभाल करार) आणि सीएमसी (सर्वसमावेशक देखभाल करार) यांतला फरक तरी माहीत असू द्या. सीएमसीत पार्टचा खर्च सर्व्हिस देणाऱ्याच्या अंगावर येतो, एएमसीत साधारणपणे ग्राहकाच्या. चुकीचा पार्ट मागवलात तर साहेब कुणावर ओरडणार, तेही त्यावरच ठरतं.

पार्ट नक्की करायच्या आधीच ऑर्डर

सोनोग्राफीच्या चित्रात वरून खालपर्यंत काळा उभा पट्टा दिसतोय. नवखा मुलगा लगेच बोर्डचं कोटेशन मागतो. आधी तोच प्रोब (रुग्णाच्या अंगावर फिरवायचा भाग) दुसऱ्या पोर्टला लावा, मग त्या पोर्टला दुसरा प्रोब. पट्टा प्रोबबरोबर फिरला तर प्रोबची एलिमेंट्स गेलीत. कुठलाही प्रोब लावला तरी पट्टा जागेवरच राहिला, तर मग बोर्डाकडे वळा. पाच मिनिटांचं काम. प्रोब पडला होता का, हे विचारलं तर कुणी कबूल करत नाही, पण केबलच्या मानेशी हात फिरवला की कळतं.

सीटीत वर्तुळं दिसू लागली तर बहुधा डिटेक्टरच्या एखाद्या चॅनेलचा मामला असतो. आधी कॅलिब्रेशन करा. त्याने गेलं नाही तरच पुढचं.

आणि "इमेज जात नाही" असा कॉल आला की मशीनचं झाकण उघडूच नका. राउटर बदलला का, आयपी बदलला का, एई टायटल (नेटवर्कवरचं मशीनचं नाव) जुळतंय का, हे आधी बघा. नेटवर्किंग आणि डायकॉम (वैद्यकीय इमेज साठवायची-पाठवायची ठरलेली पद्धत) हे आपलं काम नाही असं समजणारे इंजिनिअर अजूनही भेटतात. रुग्णालयाचा आयटीवाला त्यांना दिवसभर फिरवतो.

सोनोग्राफीबद्दल आणखी एक, आणि हे गंभीर आहे. "मशीन शॉपवर नेऊन करतो" असं बोलून बसू नका. १९९४च्या पीसीपीएनडीटी (गर्भलिंग निदानबंदी) कायद्याखाली केंद्राची आणि मशीनची नोंद असते. गर्भलिंग निदानाविरुद्ध महाराष्ट्राने तर १९८८मध्येच स्वतःचा कायदा केला होता. केंद्राने रीतसर कळवून कागद हातात दिल्याशिवाय मशीन हलवलंत, तर डॉक्टरांबरोबर तुम्हीही अडकाल.

इंटरलॉकला वायरचा तुकडा

दाराचा स्विच, म्हणजे दार उघडं असलं की एक्स-रे सुटू न देणारा इंटरलॉक, त्रास देतोय म्हणून तो शॉर्ट करून टेस्ट घ्यायची, आणि मग तो तुकडा तसाच विसरायचा. असा तुकडा मला सापडला की मी त्या इंजिनिअरला दुसऱ्या दिवशी फील्डवरून काढून ऑफिसच्या टेबलावर बसवतो.

मेन्स बंद केल्यावरही जनरेटरच्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका चार्ज उरतो. मॅन्युअलमध्ये लिहिलेली मिनिटं थांबायचं, मीटरने मोजायचं, मगच हात घालायचा. टीएलडी बॅज (अंगावर पडलेलं रेडिएशन मोजणारा) छातीवर, लेड एप्रनच्या आत. काही जण तो गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवतात. आपल्याकडे वर्षाला ३० मिलिसिव्हर्टची आणि पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २०ची मर्यादा आहे, पण बॅज गाडीत असेल तर तुमचा डोस कुणाला कळणार? ट्यूब बदलल्यावर क्यूए (गुणवत्ता तपासणी) टेस्ट केल्याशिवाय मशीन रुग्णासाठी सोडायचं नाही. नियम एईआरबीचा (अणुऊर्जा नियामक मंडळाचा) आहे, ते मुंबईतच अणुशक्तीनगरला बसतात.

एमआरआय "बंद" आहे असं समजणं

कॉम्प्युटर बंद असतो, मॅग्नेट नाही. १.५ टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) मॅग्नेट रात्री दोन वाजताही तितकंच ओढतं. २०१८च्या जानेवारीत मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजन सिलिंडर घेऊन एमआरआय खोलीत गेलेल्या तरुणाचा जीव गेला. खोलीत शिरण्याआधी पाना, पक्कड, मोबाइल, पाकीट सगळं बाहेर काढून ठेवा, आणि सोबतच्या हेल्परचे खिसे स्वतः तपासा.

एप्रिल-मे महिन्यांत, विशेषतः विदर्भात, "एमआरआय बंद पडला" असा कॉल आला की आधी गच्चीवर जा. चिलरच्या (मशीनसाठी पाणी थंड करणाऱ्या युनिटच्या) कंडेन्सरवर धुळीचा थर बसलेला असतो. पाणी थंड होत नाही, मग कॉम्प्रेसर ट्रिप, मग कोल्ड हेड (मॅग्नेटमधलं हेलियम थंड ठेवणारा भाग) बंद, आणि उणे २६९ अंशांवरचं हेलियम उकळायला लागतं. टूलबॅगेत एक चांगला ब्रश ठेवा. आणि निघताना सर्व्हिस रिपोर्टवर हेलियमची पातळी, प्रेशर, वेळ, तिन्ही लिहा, कारण पुढच्या कॉलला तुमच्याऐवजी दुसरंच कुणी येणार असतं.