कोकणातल्या घरातलं गुपित : थ्रिलर लिहायला बसताय तर

सगळ्यात आधी भुतं बाजूला ठेवा. कोकण म्हटलं की लगेच पडका वाडा आणि पांढरी साडी, ते नको. घरातली माणसं एका नावावर येऊन गप्प होतात ना, ती भीती त्याहून खूप मोठी आहे.

मी सुरुवात कागदापासून करते. समजा रत्नागिरीकडचं सामायिक घर, आजोबा गेले 1974 ला. घरात कायम सांगितलेलं की एक आत्या होती पण ती लहानपणीच तापाने गेली. आता नायिका जमिनीच्या कामासाठी जुना फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलाची तलाठ्याकडची नोंद) काढते तर आजोबांनंतरच्या वारसनोंदीत आजी, दोन मुलगे आणि खाली आत्याचं नाव! 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापासून मुलीही वारस लागतात, पण आधीच मेलेली पोर वारस कशी लागेल?

इथे घाई करू नका प्लीज. तिला घरात एकेकाला विचारू द्या, आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं पाहिजे. काकी म्हणणार तलाठ्याची चूक असेल (आणि काकीला ते खरंच वाटत असतं, खोटं बोलणारा प्रत्येकजण व्हिलन नसतो), काका विषय बदलणार, आजी नुसती सुपारी कातरत बसणार.

काळ गणपतीचा घ्या, चाकरमानी आलेले, माजघरापासून पडवीपर्यंत माणसं, दोन मिनिटं एकटीने बोलायला जागा नाही. मग ते परत जातात, घर रिकामं होतं आणि पक्ष लागतो. म्हाळाला भटजी गेलेल्यांची नावं विचारतात, काका एकेक सांगतायत, नायिका दाराआड उभी राहून मोजतेय, आणि आत्याचं नाव येतच नाही. जिवंत माणसाचं नाव पितरांत घेत नाहीत. हे वाचकाला समजावून सांगत बसू नका, त्याला कळतं.

सायकॉलॉजिकल भाग नायिकेच्या आठवणीत आहे. साधारण तीन वर्षांच्या आधीचं आपल्याला जवळजवळ काहीच आठवत नाही, पुढचंही बरंचसं घरच्यांनी सांगून सांगून पक्कं झालेलं असतं. तिला चौथ्या वर्षाची एकच आठवण द्या, माळ्यावरच्या खोलीची कडी आणि आतून कोणीतरी हळू आवाजात म्हटलेली ओवी. घरचे म्हणतात तुला स्वप्न पडलं होतं.

आत्याचं काय झालं ते आजीच्याच तोंडून आलं पाहिजे, पोलिसांकडून नाही, पन्नास वर्षं गप्प बसलेल्या बाईचं एकच वाक्य. ते वाक्य मी आधी लिहून ठेवते आणि मगच पहिलं पान सुरू करते.